दगडावरचे पक्षी

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उत्क्रांतीचे प्रकरण उघडले की एक चित्र हटकून भेटते. चार पक्ष्यांची डोकी शेजारी शेजारी मांडलेली असतात. पहिल्याची चोच अडकित्त्यासारखी जाडजूड, दुसऱ्याची त्याहून जरा लहान, तिसऱ्याची आणखी लहान आणि चौथ्याची चिमट्यासारखी बारीक. खाली लिहिलेले असते 'डार्विनचे फिंच'. आम्ही विद्यार्थी असताना हे चित्र वहीत काढले, परीक्षेत काढले आणि त्याचे गुणही मिळवले. पुढे शिकवण्याची वेळ आली तेव्हा फळ्यावरही काढले. मुळात हे पक्षी काढले कोणी, हा प्रश्न मात्र संशोधनात पंधरा-वीस वर्षे घालवीपर्यंत आम्हाला पडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

हे चित्र डार्विनच्या 'बीगल' जहाजावरील प्रवासवर्णनाच्या १८४५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत लाकडी ठशावरून छापले गेले. त्याच्याबरोबर नाव घेतले जाते ते बहुधा जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाचे. पण या चारही जातींची पूर्ण, रंगीत चित्रे त्याआधीच येऊन गेली होती. १८३८ ते १८४१ या काळात 'बीगल'च्या प्रवासातील प्राण्यांवरचा ग्रंथ भागाभागाने निघत होता आणि त्याच्या पक्षी-विभागात पन्नास चित्रफलक होते. ते सर्व छपाईच्या दगडावर रेखाटले होते जॉनच्या पत्नीने, एलिझाबेथ गूल्डने. १८४५ साल उजाडले तेव्हा तिला जाऊन चार वर्षे झाली होती.

एलिझाबेथचा जन्म १८ जुलै १८०४ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील रॅम्सगेट या बंदराच्या गावी झाला. माहेरचे आडनाव कॉक्सन. घराणे लष्करी पेशाचे, फार श्रीमंत नव्हे पण शिकलेले. त्या काळच्या मध्यमवर्गीय मुलीला चित्रकला, संगीत आणि फ्रेंच यांचे शिक्षण मिळे ते लग्नाच्या बाजारात उपयोगी पडावे म्हणून. पैशांची चणचण असेल तर याच शिदोरीवर श्रीमंताघरच्या मुलांना शिकवण्याची नोकरी करायची, एवढा एकच प्रतिष्ठित मार्ग खुला असे. एलिझाबेथने तोच धरला. लंडनमधील एका सरकारी अधिकाऱ्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला ती फ्रेंच, लॅटिन आणि संगीत शिकवी. घर परके, ना नोकरांत धरलेली ना घरच्यांत. आईला लिहिलेल्या पत्रात तिने या एकटेपणाचा आणि कंटाळ्याचा पाढा वाचला आहे.

५ जानेवारी १८२९ रोजी तिचे जॉन गूल्डशी लग्न झाले. दोघेही चोवीस वर्षांचे. जॉन हा माळ्याचा मुलगा. त्याचे वडील विंझरच्या राजवाड्याच्या बागेत काम करीत. शाळेत फारसे न गेलेला हा मुलगा मेलेल्या पशुपक्ष्यांची कातडी सोलून, त्यांत पेंढा भरून ती टिकवण्याच्या कलेत तरबेज झाला आणि त्या जोरावर लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या संग्रहालयात नोकरीला लागला. राजा चौथा जॉर्ज याला इजिप्तहून भेट आलेला जिराफ मेला, तेव्हा त्यात पेंढा भरण्याचे काम याच जॉनकडे आले. माणूस कमालीचा कष्टाळू, धंद्यात चतुर आणि पक्ष्यांची नजर असलेला. चित्रे मात्र त्याला जेमतेम येत.

१८३० मध्ये सोसायटीकडे हिमालयातील पक्ष्यांच्या कातड्यांचा एक मोठा संग्रह आला. त्यांतले अनेक पक्षी युरोपात कोणी चित्रातही पाहिलेले नव्हते. यांचे सचित्र पुस्तक काढायचे असे जॉनने ठरवले. मजकूर लिहिण्याइतका अभ्यास त्याच्यापाशी नव्हता, ते काम सोसायटीचे चिटणीस निकोलस व्हिगर्स यांनी पत्करले. प्रकाशक कोणी मिळेना, तेव्हा वर्गणीदार गोळा करून पुस्तक स्वतःच काढायचे ठरले. राहिला प्रश्न चित्रांचा. दगडावर चित्रे काढणार कोण, असे एलिझाबेथने विचारले आणि 'तूच, आणखी कोण?' अशा अर्थाचे उत्तर जॉनने दिले, अशी हकिकत सांगतात. तिला चित्रकला येत होती. दगडावर काढणे मात्र तिने कधी केलेले नव्हते.

येथे थोडे थांबून ही दगडाची भानगड समजून घेतली पाहिजे, कारण एलिझाबेथच्या कामाचे मोल त्याशिवाय कळणार नाही.

त्या आधी पुस्तकातली चांगली चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. चित्रकार कागदावर चित्र काढी, कोरणारा कारागीर ते पत्र्यावर उतरवी. म्हणजे चित्रकाराची रेघ वाचकापर्यंत पोहोचे ती दुसऱ्याच्या हातून. १७९६ च्या सुमारास बव्हेरियातील आलॉइस सेनेफेल्डरने शिळाछापाची युक्ती शोधली. बव्हेरियातच सोल्नहोफेन येथे अतिशय बारीक कणांचा, एकसारखा चुनखडीचा दगड मिळतो. (आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचा जीवाश्म १८६१ मध्ये याच दगडात सापडला. आधी दगडावर पक्षी उमटले आणि मग दगडातून पक्षी निघाला, असे म्हणायला हरकत नाही.) या दगडाची घासून गुळगुळीत केलेली फरशी घ्यायची आणि तिच्यावर मेण, साबण, काजळी यांपासून केलेल्या तेलकट खडूने चित्र काढायचे. मग किंचित आम्ल मिसळलेले डिंकाचे पाणी वरून फिरवायचे. जेथे तेलकट खडू लागला आहे तेथे स्निग्धाम्ले चुनखडीतील कॅल्शियमशी बांधली जातात आणि ती जागा पाणी झिडकारू लागते. जेथे खडू लागला नाही तेथे डिंकाचा पातळ थर बसतो आणि ती जागा पाणी धरून ठेवते. आता दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. वर कागद ठेवून दाबला की छाप तयार. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या स्वयंपाकघरातल्या सत्यावर हा सारा कारखाना उभा आहे.

आपल्याकडे ही कला फार उशिरा आली असे नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पहिले मराठी पंचांग छापले ते १८३१ मध्ये. नेमक्या त्याच सुमारास लंडनमध्ये एलिझाबेथचे हिमालयी पक्षी छापून होत होते.

आम्ही एकदा प्रयोगशाळेत हा प्रयोग शहाबादी फरशीच्या तुकड्यावर करून पाहिला. शहाबादी फरशीही चुनखडीचीच. कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीने चिमणी काढली, डिंकाच्या पाण्यात थोडे लिंबू पिळले आणि रबरी रुळाने छपाईची शाई फिरवली. चिमणी उमटली. पण पुसट, अंगावर डाग पडलेली, आणि तिच्या शेजारी आमच्या अंगठ्याचा ठसा अगदी सुरेख उमटला होता! तेव्हा कळले की या दगडावर हात टेकून चित्र काढता येत नाही. त्वचेवरचे तेलही दगडाला लागते आणि छापून येते. चुकलेली रेघ खोडता येत नाही, खरवडून काढावी लागते. शिवाय छाप उलटा उमटतो, त्यामुळे उजवीकडे पाहणारा पक्षी हवा असेल तर डावीकडे पाहणारा काढावा लागतो. वर्गात करून पाहण्यासारखा हा उद्योग आहे. फक्त शाईने माखलेले हात धुण्यासाठी खोबरेल तेल हाताशी ठेवावे.

एलिझाबेथ यातून ज्या आकाराची चित्रे काढीत होती त्यांचे पान सुमारे ५५ सेंटिमीटर उंच होते. दगड त्याहून मोठा. हिमालयातील शंभर पक्ष्यांचे हे पुस्तक १८३० ते १८३२ या काळात भागाभागाने निघाले. चित्रफलक ऐंशी. छपाई चार्ल्स हलमंडेल यांच्या प्रसिद्ध शिळाछापखान्यात झाली. छाप काळाच येई, रंग प्रत्येक पानावर हाताने भरावे लागत. एलिझाबेथ एक नमुनापान रंगवी आणि त्यावरहुकूम गॅब्रिएल बेफील्ड व त्याचे सहकारी उरलेल्या प्रती रंगवीत. वर्गणीदार तीनशेच्या आसपास होते, म्हणजे ऐंशी गुणिले तीनशे, चोवीस हजार पाने कुंचल्याने रंगली.

तेलकट खडूचा एक मोठा फायदा एलिझाबेथच्या हातात आला. पिसांचा मऊपणा कोरणीने साधत नाही, खडूने साधतो. मोनालच्या पाठीवरची धातूसारखी झळाळी किंवा घुबडाच्या छातीवरचा लुसलुशीतपणा या चित्रांत आहे. आम्हाला विचाराल तर यातले बरेच पक्षी जरा ताठच बसले आहेत. फोटो काढून घ्यायला बसलेल्या पाहुण्यांसारखे. पण याचा दोष कुठे ठेवायचा? एलिझाबेथने हिमालय पाहिलेला नव्हता आणि या शंभरातले बहुतेक पक्षी जिवंत पाहिलेले नव्हते. तिच्यासमोर होती कापूस भरून वाळवलेली, पाय जुळवून बांधलेली कातडी. मेलेल्या पक्ष्याचा डोळा राहत नाही. चोच, पाय आणि डोळ्याभोवतीची उघडी कातडी यांचे रंग काही दिवसांत उडून जातात. पक्षी फांदीवर कसा बसतो, मान कशी वळवतो, शेपटी वर ठेवतो की खाली, यांतले काहीही कातडी सांगत नाही. आज वन्यजीवांची चित्रे काढणारा माणूस दुर्बीण, छायाचित्र, चलत्‌चित्र असे सारे हाताशी घेऊन बसतो. एलिझाबेथला एका वाळल्या कातडीवरून जिवंत पक्षी उभा करायचा होता, आणि तोही असा की तज्ज्ञाने पिसे मोजली तर चूक निघू नये.

या पुस्तकात एक छोटा सूर्यपक्षी आहे. पाठ किरमिजी, पोट पिवळे, डोके आणि लांब शेपटी निळी. व्हिगर्स यांनी १८३१ मध्ये या नव्या जातीला नाव दिले ते एलिझाबेथच्या आडनावावरून. म्हणजे स्वतःच्या नावाचा पक्षी स्वतःच दगडावर काढण्याचा योग तिला आला. हिमालयाच्या पायथ्यापासून उंच जंगलांपर्यंत हा पक्षी आजही दिसतो आणि पक्षिनिरीक्षक त्याला 'मिसेस गूल्डचा सूर्यपक्षी' म्हणूनच ओळखतात.

हिमालयाच्या पुस्तकातील चित्रांखाली 'निसर्गावरून व दगडावर रेखाटले' या शब्दांपुढे एकच नाव आहे : ई. गूल्ड. पुस्तक गाजले, पैसा मिळाला आणि पुढचे मोठे काम हाती आले ते युरोपातील पक्ष्यांचे. १८३२ ते १८३७ या काळात पाच खंड आणि ४४८ चित्रफलक. त्यांतले ६८ एडवर्ड लिअर या तरुण चित्रकाराचे, उरलेले बहुतेक सगळे एलिझाबेथचे. हा लिअर पुढे विनोदी, असंबद्ध कवितांमुळे जगप्रसिद्ध झाला आणि उतारवयात, १८७३ मध्ये, हिंदुस्थान पाहायला मुंबई बंदरात उतरला. पण तरुणपणी त्याने पोपटांची जी चित्रे केली ती दगडावरच्या पक्षिचित्रांत एक नवे वळण ठरली. लिअर जिवंत पक्षी समोर ठेवून काढी. त्याच्या सहवासात एलिझाबेथचे पक्षी सैलावले. ते फांदी पकडू लागले, खाली वाकून पाहू लागले.

याच काळात चित्रांखालची सही बदलली. 'ई. गूल्ड'च्या जागी 'जे. आणि ई. गूल्ड' असे येऊ लागले.

या सहीवरून आज बरेच लिहिले जाते आणि जॉनला सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. आमचे मत थोडे वेगळे आहे. जॉन पेन्सिलीने भराभर कच्चे आराखडे काढी. पक्षी असा बसलेला हवा, मादी खाली, पिलू येथे. त्याचे असे अनेक आराखडे अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. रेघ ओबडधोबड असली तरी पक्ष्याची ढब त्यांत नेमकी पकडलेली दिसते. तेव्हा मांडणीचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण आराखडा म्हणजे चित्र नव्हे. पिसामागून पीस मोजून काढणे, प्रमाण सांभाळणे, ते सारे उलट्या बाजूने दगडावर उतरवणे आणि मग नमुनापान रंगवणे हे एलिझाबेथचे काम होते. सहीत तिचे नाव दुसरे आले आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तर आलेच नाही. ग्रंथालयांच्या सूच्या मुखपृष्ठावरून बनतात. 'गूल्डची चित्रे' म्हटल्यावर जॉनची, असे पुढच्या पिढ्यांनी धरून चालणे मग ओघानेच आले. गूल्डचे सारे यश त्याच्या गुणी पत्नीमुळे आणि आपल्यामुळे, असे लिअरने उतारवयात लिहून ठेवले आहे. लिअर रागीट आणि जॉनवर नाराज होता, हे लक्षात घेऊनही ही साक्ष सोडून देता येत नाही.

आता डार्विनकडे येऊ. 'बीगल' ऑक्टोबर १८३६ मध्ये परतली. ४ जानेवारी १८३७ रोजी डार्विनने आपले पशुपक्ष्यांचे नमुने झूऑलॉजिकल सोसायटीला दिले. पक्षी जॉनकडे आले. गालापागोस बेटांवरच्या काही लहान, काळ्या-तपकिरी, दिसायला अगदीच सामान्य पक्ष्यांना डार्विनने वेगवेगळ्या कुळांतले मानले होते. जॉनने सहा दिवसांत, १० जानेवारीच्या सभेत, सांगितले की हे सारे एकाच गटातले फिंच आहेत आणि हा गट शास्त्राला नवा आहे. भेद आहे तो मुख्यतः चोचींत. (आजच्या डीएनएच्या अभ्यासानुसार हे खरे फिंचही नव्हेत. ते टॅनेजर या दक्षिण अमेरिकी कुळातले आहेत. पण नाव चिकटले ते चिकटले.) जाती बदलू शकतात या विचाराकडे डार्विनला ढकलणाऱ्या गोष्टींत जॉनचे हे निदान होते, याबद्दल इतिहासकारांत फारसे दुमत नाही. अर्थात 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये या फिंचांची चर्चा नाही. त्यांना पाठ्यपुस्तकात मानाचे पान मिळाले ते विसाव्या शतकात.

सरकारी खजिन्याने 'बीगल'च्या प्राण्यांवरील ग्रंथासाठी हजार पौंड मंजूर केले आणि पक्ष्यांच्या चित्रांचे काम गूल्ड दांपत्याकडे आले. आम्ही हे फलक प्रतिकृतींत पाहिले आहेत. मोनाल किंवा ट्रोगॉन काढणाऱ्या हाताला येथे दिमाख दाखवायला वाव नव्हता. नर काळा, मादी तपकिरी ठिपक्यांची आणि जातीजातींतला फरक केवळ चोचीच्या जाडीचा व लांबीचा. चोच अर्धा सूत जाड काढली तर जातच बदलायची. चित्रकाराचा हात मापाने चालला पाहिजे, आणि तो चालला आहे. ऱ्हीया या शहामृगासारख्या पक्ष्याची गोष्ट तर गमतीची आहे. पॅटागोनियात 'बीगल'वरच्या मंडळींनी एक लहान ऱ्हीया मारला, शिजवला आणि खाल्ला. आपण शोधत होतो ती दुर्मिळ जात हीच, हे डार्विनच्या लक्षात आले ते जेवण उरकल्यावर. डोके, मान, पाय, पंख आणि पिसे यांतले जे उरले होते ते गोळा करून लंडनला पाठवले गेले. त्या तुकड्यांतून पक्षी पुन्हा उभा केला गेला आणि जॉनने त्याला डार्विनचे नाव दिले. त्या ग्रंथात ऱ्हीयाचा जो फलक आहे त्यात जेवणाच्या ताटातून परत आलेला हा पक्षी डौलाने उभा आहे. ग्रंथाच्या आरंभी डार्विनने सांगितले आहे की आराखडे श्री. गूल्ड यांचे आणि दगडावरचे काम सौ. गूल्ड यांचे. तिच्या कामाची त्याने तेथे मोकळेपणाने प्रशंसा केली आहे. श्रेय कसे द्यावे याचे हे उदाहरण आम्हाला आवडते. दोन ओळींत काम झाले आहे.

हे सारे चालू असताना एलिझाबेथचा संसारही चालू होता. बारा वर्षांत आठ बाळंतपणे, त्यांतली दोन मुले गेली. घर लंडनच्या सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटवर. आरोग्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी कान टवकारले असतील. होय, तोच ब्रॉड स्ट्रीट, जेथल्या पाण्याच्या पंपाने १८५४ मध्ये कॉलरा पसरवला आणि जॉन स्नोने तो शोधून काढला. स्नोच्या अहवालात जॉन गूल्डचा उल्लेखही आहे. साथीच्या सुरुवातीला तो बाहेरगावी होता. परतल्यावर त्याने पंपाचे पाणी मागवले, त्याला वास आला म्हणून ते प्यायला नाही आणि बचावला. घरातली मोलकरीण मात्र आजारी पडली. ती पुढे बरी झाली.

मे १८३८ मध्ये गूल्ड दांपत्य ऑस्ट्रेलियाला निघाले. तेथल्या पक्ष्यांचे पुस्तक आता कातड्यांवरून नव्हे, जिवंत पक्षी पाहून करायचे होते. एलिझाबेथचे दोन भाऊ आधीच न्यू साउथ वेल्समध्ये स्थायिक झाले होते. बरोबर सात वर्षांचा थोरला मुलगा, एक भाचा, नमुने गोळा करणारा जॉन गिल्बर्ट आणि नोकर. तीन लहान मुले आजीकडे ठेवली, त्यांतले सर्वांत धाकटे तान्हे होते. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सप्टेंबरमध्ये ते टास्मानियातील होबार्टला पोहोचले. तेथल्या गव्हर्नरची पत्नी लेडी जेन फ्रँकलिन हिने एलिझाबेथला आपल्या घरी ठेवून घेतले. जॉन रानोमाळ हिंडे. एलिझाबेथ आलेला प्रत्येक पक्षी रंग उडण्याआधी कागदावर उतरवी, आणि त्याबरोबर तेथली झाडे, फुले, शेंगाही. मे १८३९ मध्ये होबार्टलाच तिला मुलगा झाला. यजमानांच्या आणि त्या भूमीच्या नावावरून त्याचे नाव ठेवले फ्रँकलिन टास्मन.

या दोन वर्षांत तिने आईला लिहिलेली पत्रे आहेत. त्यांत नवा देश आहे, पक्षी आहेत, पण पुन्हा पुन्हा येतात ती लंडनला राहिलेली मुले. पत्र जायला चार महिने आणि उत्तर यायला चार महिने. तान्ह्या मुलीला दात आले का, हे विचारून उत्तर मिळेपर्यंत ती चालायला लागलेली असणार.

तेथे काढलेली चित्रे पाहिली की फरक चटकन दिसतो. पक्षी ज्या झाडावर राहतो त्याच झाडावर बसला आहे, त्याचा डोळा जिवंत आहे. बजरीगार, ज्यांना आपल्याकडे पिंजऱ्यात ठेवून चुकीने 'लव्हबर्ड' म्हणतात, ते गूल्ड मंडळींनी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात थव्याने पाहिले. १८४० मध्ये परतताना जॉनने त्यांची जिवंत जोडी इंग्लंडला नेली. तीच युरोपातील पहिली, असे मानले जाते.

ऑगस्ट १८४० मध्ये मंडळी घरी पोहोचली. डिसेंबरमध्ये 'ऑस्ट्रेलियाचे पक्षी' या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. पुढच्या उन्हाळ्यात एगम या गावी एलिझाबेथला आठवे मूल झाले, मुलगी. त्यानंतर काही दिवसांतच, १५ ऑगस्ट १८४१ रोजी, प्रसूतिज्वराने ती गेली. वय सदतीस. बाळंतिणीला हा ज्वर होतो तो बहुधा सुईणीच्या किंवा डॉक्टरच्या न धुतलेल्या हातांमुळे, हे व्हिएन्नामध्ये सेमेलवाइसने दाखवले ते १८४७ मध्ये, आणि त्याचेही कोणी लवकर ऐकले नाही. क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवणे एवढाच तो उपाय होता.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रंथाचे सात खंड १८४८ मध्ये पूर्ण झाले. सहाशे चित्रफलक. एलिझाबेथच्या हातून त्यांतले ८४ झाले होते. बाकीचे हेन्री रिक्टर या चित्रकाराने केले, त्यांतले कित्येक तिच्या ऑस्ट्रेलियातल्या चित्रांचा आधार घेऊन. तिची एकूण चित्रे साडेसहाशेच्या घरात जातात. अकरा वर्षांच्या हिशेबाने आठवड्याला एकाहून अधिक, आणि त्या अकरा वर्षांतली दोन प्रवासात गेलेली. जॉन पुढे चाळीस वर्षे जगला, अफाट काम केले, पुन्हा लग्न केले नाही. १८४४ मध्ये त्याने उत्तर ऑस्ट्रेलियातील एका अतिशय रंगीबेरंगी छोट्या पक्ष्याला एलिझाबेथच्या स्मरणार्थ नाव दिले. हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळे पोट. हा 'गूल्डियन फिंच' आज मुंबई-पुण्याच्या पाळीव पक्ष्यांच्या दुकानांतही दिसतो. विकणारा आणि विकत घेणारा दोघेही तो जॉनच्या नावाचा समजतात.

तिची पत्रे वंशजांच्या घरी पडून होती. ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि पक्षिनिरीक्षक अ‍ॅलेक चिझम यांनी ती मिळवून १९४४ मध्ये तिच्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर १०३ वर्षांनी. पत्रे आता सिडनीच्या मिचेल ग्रंथालयात आहेत.

पक्ष्यांच्या पुस्तकात शास्त्रीय नावे वाचताना एक खूण पाहण्यासारखी असते. जातीचे नाव पुरुषावरून ठेवले असेल तर लॅटिन व्याकरणाप्रमाणे शेवटी इंग्रजी 'आय' हे अक्षर येते. बाईवरून ठेवले असेल तर 'ए' आणि 'ई' ही दोन अक्षरे येतात. हिमालयातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या दोन्ही पक्ष्यांच्या नावांच्या शेवटी 'ए, ई' आहे. आणि आपल्या सह्याद्रीत, पावसाळा संपल्यावर फुललेल्या झाडांवर लाल छातीचा एक शिंजीर भिरभिरताना दिसतो. मुंबई इलाख्यात नोकरीला असलेल्या कर्नल साइक्सने १८३२ मध्ये त्याला नाव दिले ते निकोलस व्हिगर्सचे, म्हणजे एलिझाबेथच्या हिमालयी चित्रांना मजकूर लिहिणाऱ्या त्याच गृहस्थाचे. त्याच्या नावाच्या शेवटी 'आय' आहे. दोघे सूर्यपक्षी एकाच प्रजातीतले, एक शिमल्याकडचा आणि एक लोणावळ्याकडचा.